मूळपुरुष एक, नोंदी चार
बेने इस्राएल घराण्यांच्या वंशावळी कशा वाचाव्यात

मुंबईत मांडवीच्या सॅम्युअल स्ट्रीटवर एक जुने सिनेगॉग आहे. शाआर हारहमीम, म्हणजे दयेचे द्वार, हे त्याचे नाव. बोलण्यात ती ‘जुनी मशीद’. १७९६ साली ते बांधणारा गृहस्थ कंपनी सरकारच्या मुंबई फौजेत देशी अधिकारी होता. त्याचे नाव काय, असे विचारले तर उत्तर कोण देतो यावर अवलंबून राहते. मराठी रीतीने तो सामाजी हसाजी. हिब्रू रीतीने श्मुएल बेन येहेज्केल. इंग्रजी पुस्तकांत सॅम्युअल इझेकिएल. मूळ गाव दिवेआगर, म्हणून दिवेकर. माणूस एकच. पण ज्याला हे ठाऊक नाही, तो कागदपत्रांतून चार माणसे काढील, आणि त्यांपैकी दोघांना कदाचित भाऊही ठरवील.

सामाजींची गोष्ट मराठी वाचकांपैकी काहींना माहीत असेल. म्हैसूरच्या युद्धात ते कैद झाले. टिपूच्या आईने जात विचारली. त्यांनी ‘बेने इस्राएल’ असे सांगितले. कुराणात ज्यांचा उल्लेख आहे तेच हे लोक, असे म्हणून तिने त्यांना जीवदान देवविले. आणि सुटल्यास देवाचे घर बांधीन हा नवस त्यांनी फेडला. पुढे तोरा ग्रंथाची गुंडाळी आणण्यासाठी ते कोचीनला गेले आणि १७९७ साली तिथेच वारले. यातले सिनेगॉग विटा-चुन्याचे आहे, मृत्यूचे साल लिहिलेले आहे, आणि मधली आईची गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या तोंडी आली व नंतर छापली गेली. तिन्ही गोष्टी एकाच दमात सांगितल्या जातात, पण तिन्हींचे वजन सारखे नाही. वंशावळीच्या कामात पहिला धडा हाच: गोष्ट खोटी ठरवायची घाई करू नये, पण ती कुठल्या वाटेने आपल्यापर्यंत आली ते विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

मी पेशाने इतिहासकार नाही. हिब्रू अक्षरे चाळिशी उलटल्यावर शिकलो, मोडी त्याआधी. गेली काही वर्षे ओळखीपाळखीतून आलेल्या बेने इस्राएल घराण्यांची कागदपत्रे लावून देतो. या कामात जे अडथळे वारंवार येतात आणि त्यांतून जी वाट सापडते, ती इथे मांडतो.

आडनाव सांगते गाव, रक्त नव्हे

कुटुंबात पहिली ऐकू येते ती नवगावची कथा. वादळात गलबत फुटले, सात पुरुष आणि सात बायका किनाऱ्याला लागल्या, बुडालेल्यांना नवगावला पुरले, आणि वाचलेल्यांपासून पुढचा समाज वाढला. चित्पावनांच्या उत्पत्तिकथेतही समुद्रातून किनाऱ्याला आलेली चौदा प्रेते आहेत, हे साम्य अभ्यासकांनी पूर्वीच टिपले आहे. हाईम सॅम्युअल केहीमकरांनी बेने इस्राएलांचा इतिहास इंग्रजीत लिहिला. तो त्यांच्या मृत्यूनंतर १९३७ साली तेल अवीवमध्ये छापला गेला. त्यांनी या आगमनाचा काळ इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापर्यंत मागे नेला. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात या समाजात मध्यपूर्वेतील ज्यू आणि भारतीय असे दोन्ही अंश आढळले, आणि ती सरमिसळ साधारण साडेसहाशे ते हजार वर्षांपूर्वीची असावी असा अंदाज निघाला. समाजाच्या इतिहासासाठी हे मोलाचे आहे. मात्र आपल्या पणजीचे माहेर कुठले, हे त्यातून कळत नाही.

त्यासाठी आडनावाकडे वळावे लागते. किहीमचे केहीमकर, राजपुरीचे राजपूरकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर. आज रायगड म्हणतो त्या जिल्ह्याचा नकाशा समोर ठेवला तर या समाजाची आडनावे बोटाने वाचता येतात. पण सोय आहे तिथेच फसगत आहे. ‘दिवेकर’ हे आडनाव चित्पावनांतही आहे. गावावरून पडलेले नाव त्या गावातल्या कुणालाही पडू शकते. त्यावरून ना धर्म सिद्ध होतो ना नाते. एकाच गावच्या दोन बेने इस्राएल घरांचे रक्ताचे नाते असेलच असेही नाही.

उलट बाजूही आहे. मुंबईला शिकलेल्या पिढ्यांनी पुष्कळदा गावाचे नाव गाळले आणि वडिलांचे किंवा आजोबांचे नाव शेवटी लावले. कवी निसिम इझेकिएल यांच्या नावात गावाचा पत्ता नाही. ‘बूट पॉलिश’मधला डेव्हिड सगळ्यांना आठवतो, त्यांचे पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर होते, म्हणजे घर चौलचे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. डॉ. जेरुशा झिराड यांच्या घराण्याने ‘कर’ टाकला आणि गाव तेवढे ठेवले. सख्ख्या भावांपैकी एकाने ‘कर’ ठेवला आणि दुसऱ्याने टाकला, की दोन पिढ्यांत दोन घराणी दिसू लागतात.

सातशे वर्षांची तफावत

आठवण काळाशी कशी वागते याचे या समाजातले ठळक उदाहरण म्हणजे दावीद रहाबी. परंपरा सांगते, की रहाबी नावाचा एक विद्वान कोकणात आला. शनिवारी घाणा बंद ठेवणारे, म्हणून ‘शनवार तेली’ म्हटले जाणारे हे लोक ज्यू असावेत अशी त्याला शंका आली. त्याने बायकांना मासे रांधायला दिले. त्यांनी खवले आणि पर असलेले मासे वेगळे काढले, बाकीचे बाजूला ठेवले. त्याची खात्री पटली. त्याने झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर या तीन घराण्यांतले तरुण निवडून त्यांना धर्मविधी शिकवले, आणि ते काजी झाले.

हे कधी घडले? समाजाच्या कथनात हजार वर्षांपूर्वी. अभ्यासकांपैकी बरेच जण रहाबीचा संबंध कोचीनच्या प्रसिद्ध रहाबी घराण्याशी जोडतात, म्हणजे अठराव्या शतकाशी. त्या घराण्यातले येहेज्केल रहाबी (१६९४ ते १७७१) डच कंपनीचे मोठे व्यापारी होते, आणि त्यांच्या १७६८च्या पत्रात मराठी मुलखातल्या, तेल गाळणाऱ्या, शब्बाथ पाळणाऱ्या बेने इस्राएलांचा उल्लेख आहे.

आता काजी घराण्यातला कुणी ‘रहाबीने नेमलेल्या पहिल्या काजीपासून आम्ही अमुकावी पिढी’ असे सांगतो तेव्हा पिढ्या मोजाव्यात. एका पिढीला सरासरी तीस वर्षे धरली तर हजार वर्षांना तेहेतीस-चौतीस पिढ्या लागतील. सांगणाऱ्याला नऊ-दहा नावे येत असतील तर ती तीनशे वर्षांची झाली. एकतर मधली तेवीस-चोवीस नावे गळली, किंवा रहाबी मानतो त्याहून पुष्कळ जवळचा आहे. नावांची यादी आणि साल या दोन गोष्टी एकाच तोंडून आल्या तरी त्यांची परीक्षा वेगवेगळी करायची असते. साल ऐकीव असू शकते आणि यादी खरी असू शकते.

आईची आई कोण?

या सगळ्याला केवळ हौसेचे मोल असते तर गोष्ट वेगळी होती. १९६२ साली इस्राएलमध्ये मुख्य रब्बींच्या कार्यालयाने विवाहनोंदणी करणाऱ्या रब्बींना सूचना दिल्या: बेने इस्राएल वधूवरांच्या आईची, आजीची, आणि शक्य तितक्या मागच्या पिढ्यांची चौकशी करावी. कारण ज्यू धर्मशास्त्रात वंश आईकडून धरतात. शिवाय या समाजात शतकानुशतके धर्मशास्त्राप्रमाणे घटस्फोटाचा लेख आणि निपुत्रिक विधवेला दिराच्या बंधनातून मोकळे करणारा विधी प्रचारात नव्हता. तेव्हा पूर्वी झालेले पुनर्विवाह शास्त्रसंमत होते का, असा प्रश्न उभा केला गेला. कोकणातून आलेल्या माणसांना हा अपमान वाटला. १९६४च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये धरणे धरले गेले. ऑगस्टमध्ये इस्राएलच्या संसदेने हा समाज सर्वार्थाने ज्यू असल्याचे म्हटले, आणि नंतर सूचनांतला या समाजाचा खास उल्लेख काढण्यात आला.

दरम्यानच्या अडीच वर्षांत किती घरांनी घाईघाईने आपल्या वंशावळी लिहून काढल्या असतील, याची कल्पना करावी. आणि अडचण अशी, की चौकशी आईच्या बाजूची होती, तर कोकणातला प्रत्येक कागद बापाच्या बाजूचा होता. पलटणीच्या यादीत शिपाई आणि त्याचा बाप. सातबाऱ्यावर पुरुष. थडग्यावर बाई असली तरी ‘अमक्याची बायको’.

अशाच एका घराची कागदपत्रे माझ्याकडे आली. घराची इच्छा म्हणून नावगाव सांगत नाही. १९६३ साली या घरातल्या एका मुलीचे लग्न ठरले तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांनी एक निवेदन लिहून दिले होते. त्यात मुलीच्या आईच्या आईचा बाप ‘सुभेदार, १८८० साली अफगाण युद्धात मैवंद येथे पडला’ असे होते. त्याच्या बायकोचे, म्हणजे जिच्यावर सगळी चौकशी अडली होती तिचे, नाव नव्हते. नुसते ‘सुभेदारांची पत्नी’. ती मुलगी आज आजी आहे. तिला ते नाव हवे होते.

घरात चार नोंदी होत्या. एक, हे निवेदन. दोन, कुटुंब-पेन्शनचा इंग्रजी कागद, त्यात सुभेदाराचे व त्याच्या बापाचे नाव. तीन, गावच्या कबरस्तानातल्या एका थडग्याचा फोटो. चार, जुन्या हिब्रू प्रार्थनापुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर बाळबोधीत लिहिलेल्या जन्माच्या नोंदी.

तीन पंचांगे

थडग्यावर मराठीत नाव, आडनाव आणि ‘शके १८०१’ असे होते. खाली हिब्रूत बापाच्या नावासह किस्लेव महिना आणि वर्ष ५६४०. घरच्यांनी हिशेब केला होता: ५६४० वजा ३७६० म्हणजे १८८०. शके १८०१ अधिक ७९ म्हणजे १८८०. मैवंदची लढाईही १८८०ची. तीन बाजूंनी एकच साल आले, तेव्हा शंकेला जागा उरली नाही. कंदाहारजवळ पडलेल्या माणसाचे थडगे कोकणात कसे, तर आठवण म्हणून दगड बसवला असेल.

पण हिब्रू वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरू होते. ५६४० हे वर्ष सप्टेंबर १८७९ ते सप्टेंबर १८८० असे चालले. त्याचे पहिले साडेतीन महिने १८७९ मध्ये पडतात. त्या महिन्यांसाठी ३७६१ वजा करावे लागतात. किस्लेव हा तिसरा महिना, म्हणजे १८७९चा नोव्हेंबर मध्य ते डिसेंबर मध्य. शकाचेही तसेच: चैत्रापासून डिसेंबरअखेर ७८ मिळवायचे, जानेवारीपासून वर्ष संपेपर्यंत ७९. म्हणजे दगड सांगतो १८७९ अखेर. मैवंदची लढाई २७ जुलै १८८०ची. तेव्हा हिब्रू वर्ष तेच असले तरी शके १८०२ लागले होते. दगडाखालचा माणूस लढाईच्या सात-आठ महिने आधी, आपल्या गावी वारला होता.

मग सुभेदार खोटा का? नाही. पेन्शनच्या कागदातल्या बापाचे नाव आणि दगडावरच्या हिब्रू ओळीतल्या बापाचे नाव वेगळे निघाले. घरातल्या कुणाला हिब्रू ओळ वाचता येत नव्हती, म्हणून ती कुणी ताडून पाहिली नव्हती. या घरात नातवाला आजोबांचे नाव ठेवत. दोन भावांनी आपापल्या मुलाला तेच नाव ठेवले, आणि एकाच नावाचे, एकाच आडनावाचे दोन चुलतभाऊ तयार झाले. एक पलटणीत गेला, एक घाण्यावर राहिला. मौखिक परंपरेत बापाचे नाव आधी गळते. ते गळले आणि दोघांचा एक झाला. उरलेला एक अर्थातच सुभेदार होता. १९६३च्या निवेदनात तेली पूर्वज कोण लिहील? शिवाय सुभेदाराच्या बाजूने सरकारी कागद होता.

बाळंतपण माहेरी

खरा पूर्वज दोघांपैकी कोणता, हे प्रार्थनापुस्तकाच्या पानाने ठरवले. त्यावर एका मुलीचा आणि तिच्या पाठच्या भावाचा जन्म लिहिला आहे. मुलगी म्हणजे नवऱ्या मुलीची आजी. भावाची नोंद अशी: वर्ष ५६४०, ‘अनाशी धाकाच्या सणाचा दुसरा दिवस’. वल्हांडणाला बेने इस्राएल घरांत हेच जुने नाव आहे. दारफाळणी, खिरीचा सण, बिरड्याचा सण ही त्याचीच भावंडे. ५६४० साली हा सण २७ मार्च १८८० रोजी सुरू झाला, तेव्हा जन्म २८ मार्चचा. आणि या मुलाला बापाचेच नाव ठेवले आहे. पानावरच्या बाकी कुठल्याही मुलाला जिवंत बापाचे नाव नाही. मार्च १८८० मध्ये सुभेदार जिवंत होता, घाण्यावरचा चुलतभाऊ चार महिन्यांपूर्वी गेला होता. बाप गेल्यावर जन्मलेल्या मुलाला बापाचे नाव दिले गेले, हाच अर्थ बसतो.

राहिली आई. पानावर तिचे नाव नव्हते. पण दोन्ही मुलांच्या जन्मासमोर जे गाव लिहिले होते ते घराचे गाव नव्हते. घरच्यांना ती लिहिणाऱ्याची गफलत वाटत आली होती. कोकणातल्या कुठल्याही म्हाताऱ्या बाईला विचारले असते तर तिने हसून सांगितले असते: बाळंतपण माहेरी. ते गाव आईचे माहेर होते. त्या गावावरून आडनाव घेतलेली बेने इस्राएल घरे मुंबईत आणि इस्राएलमध्ये आजही आहेत. त्यांच्यातल्या एका घरी ‘तरुणपणी विधवा होऊन दोन लेकरांसह परत आलेल्या’ आत्याची आठवण निघाली, तिच्या नावासकट. सासरच्या बायकांच्या बोलण्यात मात्र तिचे वेगळेच नाव होते, म्हणून पूर्वजाला दोन बायका असाव्यात असेही कुणी मानले होते. सासरी नाव बदलण्याची रीत त्या घरात होती, हे पुढच्या दोन सुनांच्या नोंदींवरून दिसते. दोन बायका नव्हत्या. एकच होती, तिची नावे दोन होती.

काय सांगायचे, काय नाही

अशा शोधात कधी कधी नको ते हाती लागते. समाजात ‘गोरे इस्राएल’ आणि ‘काळे इस्राएल’ असा भेद होता. आई समाजाबाहेरची असलेल्या संततीला काळे म्हणत, आणि लग्नव्यवहार वेगळा ठेवत. वंशावळीत एखाद्या बाईचे माहेरच सांगितले जात नाही, किंवा तीन ठिकाणी तीन गावे सांगितली जातात, तेव्हा कधी त्यामागे हा भेद असतो. अशा ठिकाणी मी पुरावा जेवढा आहे तेवढाच कुटुंबापुढे ठेवतो. त्यापुढे अंदाज बांधून लिहून देत नाही. ज्या समाजाला एकदा वंशाचे पुरावे मागितले गेले, त्यांच्या घरात कागदावर लिहिलेला अंदाज उद्या पुरावा होऊ शकतो. १९६३चे निवेदन तसेच झाले होते.

ज्यांना आपल्या घराचा शोध घ्यायचा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचे तर: प्रत्येक नोंद कुणी, कधी, कुणाच्या मागणीवरून लिहिली ते आधी विचारा. माणूस नावाने नव्हे, नाव, बापाचे नाव आणि गाव या तिहींनी ओळखा. सालाआधी महिना पाहा. तीन नोंदी जुळल्या तर त्या एकमेकींवरूनच उतरल्या नाहीत ना, हे तपासा. पुरुषांना पलटण आणि नोकरी विचारा, बायकांना माहेर. आणि जुनी नोंद चुकीची ठरली तरी फाडू नका. ज्या घराची ही हकीकत सांगितली, त्यांच्या नव्या वंशावळीत घाण्यावरचा पूर्वज आपल्या जागी आला आहे, शेजारच्या फांदीवर सुभेदार आहे, आणि १९६३चे निवेदन मागे जोडून ठेवले आहे. त्या निवेदनातल्या ‘सुभेदारांची पत्नी’ या शब्दांवर आता त्या बाईची दोन्ही नावे लिहिली आहेत, आधी माहेरचे, मग सासरचे.